हिप्परग्याच्या शाळेतला एक मास्तर निजामाला जड कसा गेला?

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. या चार जिल्ह्यांत कॉलेज केलेल्या कुणाचीही डिग्री काढून बघा. वरती एक लांबलचक नाव असतं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पोरांनी त्याचं कधीच ‘स्वारातीम’ करून टाकलंय. तिकडे अंबाजोगाईत सरकारी दवाखान्याला लोक ‘स्वाराती’ म्हणतात. नाव रोज तोंडात असतं, पण त्या नावामागचा माणूस विचारला तर उत्तर एका वाक्यात संपतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. भगवी वस्त्रं घातलेला फोटो आणि १७ सप्टेंबरचं भाषण, एवढंच.

उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. कारण हा माणूस राजकारणात आला तो शाळेच्या दारातून, आणि सत्ता समोर आली तेव्हा पुन्हा शाळा, कॉलेज, जमीन आणि चरखा याच गोष्टींकडे गेला. खेड्यातल्या माणसाने शिकायचं कशासाठी, आणि शिकल्यावर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या सगळ्या आयुष्याला चिकटलेला होता. आज लातूरच्या क्लासमध्ये बसलेल्या पोरालाही तो चुकलेला नाही.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूरकडे सुरू होतं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले आणि या सोळा वर्षांच्या पोराने ठरवलं की लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं. त्या वयात असे निश्चय खूप जण करतात. यांनी तो पाळला.

तेवढ्यात गांधीजींची असहकाराची चळवळ आली. सरकारी शाळा सोडा, असं आवाहन होतं. व्यंकटेशने सोडली. पण शाळा सोडून जायचं कुठे? त्यासाठी ठिकठिकाणी ‘राष्ट्रीय शाळा’ निघाल्या होत्या. इथलं शिक्षण मातृभाषेतून, सोबत सूतकताई, हाताचं काम, देशाचा इतिहास. अडचण एकच होती. या शाळांच्या प्रमाणपत्राला सरकारदरबारी किंमत नव्हती. तिथे शिकणारा पोरगा सरकारी नोकरीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करून घ्यायचा. व्यंकटेश अमळनेरला शिकला, मग पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. म्हणजे पुढे जी शाळा त्याने चालवली, तिच्या विद्यार्थ्याला काय गमवावं लागतं हे त्याला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होतं.

शिक्षण झाल्यावर काही काळ त्याने कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. गिरण्या, युनियन, मजुरी, कामाचे तास हे सगळं जवळून पाहिलं. पण धावपळीत तब्येत ढासळली, ती इतकी की मोठ्या शहरातलं काम सोडावं लागलं. आणि मग १९२० चं दशक संपता संपता हा आजारी तरुण एका आडगावी मास्तर म्हणून आला. त्या गावाचं नाव हिप्परगा.

हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. तेव्हाचा नकाशा वेगळा होता. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १६ जिल्हे, त्यातले मराठी पाच : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच, तो उस्मानाबादचाच भाग होता (वेगळा झाला तो थेट १९८२ ला). त्यामुळे हिप्परग्याची गोष्ट ही लातूरकरांच्याही घरचीच गोष्ट आहे.

आता या पाच जिल्ह्यांतल्या पोराची अवस्था बघा. घरात मराठी, बाजारात मराठी, पण कारभार उर्दूतून. १९१८ ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षणही उर्दूतून. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते खोटंही नाही. फक्त ती देशी भाषा संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या घरातल्या पोराला आधी भाषेचा डोंगर चढायचा, मग विषयाचा. खेड्यांत तर मुळात शाळाच कमी. लोकांनी स्वतः शाळा काढायची म्हटलं तरी सरकारची परवानगी लागायची, आणि ती सहजासहजी मिळत नव्हती. सभा घ्यायलाही परवानगी. म्हणून मग माणसं वाचनालय काढायची, गणेशोत्सवात मेळे बसवायची, व्यायामशाळा चालवायची. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणं हाच प्रौढांचा वर्ग असायचा.

अशा मुलुखात १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढली होती. संस्थानाच्या हद्दीत अशी शाळा चालवणं म्हणजे अंगावर संशय ओढवून घेणं. व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले. सोबत बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी होते. आश्रमासारखं राहणं. मास्तर आणि पोरं एकत्र उठणार, एकत्र जेवणार, सूत कातणार. पगार म्हणावा असा काही नव्हताच. पोटापुरतं घ्यायचं आणि शिकवायचं.

हे ऐकायला गोड वाटतं, पण शेतकरी बापाच्या बाजूने विचार करा. तो पोराला इथे पाठवतो म्हणजे काय करतो? घरचे दोन हात कमी करतो. बदल्यात मिळणाऱ्या कागदावर ना तलाठ्याची नोकरी मिळणार, ना उस्मानियात प्रवेश. म्हणजे या शाळेला बापाची खात्री पटवावी लागायची की इथून निघालेला पोरगा नोकरीविनाही उभा राहील. हातात कसब, डोक्यात हिशोब आणि गावात चार माणसं जमवण्याची धमक, एवढीच शिदोरी. यातून पुढे मराठवाड्याला कार्यकर्त्यांची एक पिढी मिळाली हे खरं. पण ही वाट सोपी होती, असं म्हणणं त्या बापावर अन्याय करणारं ठरेल.

१९३२ साली खेडगीकर मास्तरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हटलं की माणूस हिमालयात जातो, मठ बांधतो, प्रवचनं करतो. हे मात्र दुसऱ्या दिवशीही शाळेतच होते. घर, पैसा, नाव हे सोडलं. खडू सोडला नाही. त्यांच्या वस्त्रांमुळे पुढे बऱ्याच लोकांचा गोंधळ झाला, निजामाच्या पोलिसांचा तर जास्तच. पण स्वामीजींचं राजकारण धर्माच्या नावावर कधीच उभं राहिलं नाही. संस्थानातल्या सगळ्या जनतेला जबाबदार राज्यपद्धती हवी, ही त्यांची मागणी होती.

१९३५ च्या सुमारास स्वामीजी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. तेव्हा गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद. इथे योगेश्वरी विद्यालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हिप्परग्यापेक्षा मोठं गाव, मोठी शाळा, आजूबाजूच्या गावांतून येणारी पोरं. ही वर्षं त्यांच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात स्थिर वर्षं. इथेच थांबले असते तर एक नामांकित मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले असते, आणि गावातल्या एखाद्या चौकाला त्यांचं नाव मिळालं असतं.

पण १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मराठी जिल्ह्यांतल्या लोकांचं हे व्यासपीठ. १९३८ च्या उन्हाळ्यात दुसरं अधिवेशन झालं ते लातूरला. परिषदेच्या मागण्या वाचल्या की त्यात शिक्षण, मातृभाषा, शेतकऱ्यांची अवस्था हे विषय पुन्हा पुन्हा येतात. स्वामीजी परिषदेचे सरचिटणीस झाले होते. शाळा आणि परिषद या दोन दरडींवर एकाच वेळी पाय ठेवता येणार नाही हे उघड होतं. शाळा सरकारी परवानगीवर जगते. मुख्याध्यापकच सरकारविरुद्ध उभा राहिला तर फटका पोरांना बसणार. त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद गाठलं.

पुढचा भाग मराठवाड्यात बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, पहिल्या तुकडीचं नेतृत्व गोविंदराव नानल यांनी केलं. स्वामीजीही सत्याग्रह करून तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. १९४२ ला पुन्हा. १९४६ ला बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

यातला एक तुकडा मात्र इथे सांगायलाच हवा, कारण तो विद्यार्थ्यांचा आहे. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहात वंदे मातरम म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. आंदोलन औरंगाबादसह इतर ठिकाणी पसरलं आणि शेकडो पोरांची नावं कमी झाली. खेड्यातून कसंबसं कॉलेजपर्यंत पोचलेल्या पोराचं नाव कापलं जाणं म्हणजे घराची पुरी पिढी मागे जाणं. यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांच्यात एक तेलुगू तरुण होता, पी. व्ही. नरसिंह राव. हे पुढे देशाचे पंतप्रधान झाले, आणि स्वामीजींना आयुष्यभर गुरू मानत राहिले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, हैदराबाद नाही. त्या दिवशी हैदराबाद शहरात तिरंगा फडकवणं हा गुन्हा होता. स्वामीजींनी तो केला आणि त्यांना अटक झाली. मध्ये थोडी सुटका, मग पुन्हा अटक. पोरांनी शाळा-कॉलेजं सोडली, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, गावोगाव शिंदीची झाडं तोडून सरकारचं उत्पन्न बुडवण्यात आलं, आणि रझाकारांनी खेड्यांवर जे अत्याचार केले त्याच्या आठवणी नांदेड-लातूरच्या म्हाताऱ्या माणसांनी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

लढा संपला, पण आता खेड्यातल्या पोराला शिकवायचं कुठे? औरंगाबादचं कॉलेज सोडलं तर मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या नावाने जवळजवळ ठणठणाट होता. नांदेडच्या पोराने एकतर औरंगाबाद गाठायचं नाहीतर हैदराबाद. रेल्वेचं भाडं, खोलीचं भाडं, खाणावळ हा हिशोब कोरडवाहू शेतीवर बसत नव्हता. मुलीला इतक्या लांब पाठवण्याचा तर विचारही घरात होत नसे. १९५० ला नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या वतीने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागे स्वामीजी होते. नाव नीट बघा. कुणा राजाचं नाही, देणगीदाराचं नाही. लोकांचं कॉलेज. मुक्तीनंतर दोनच वर्षांत, सरकारची वाट न बघता, एका जिल्ह्याच्या गावी हे उभं राहिलं. नरहर कुरुंदकर याच कॉलेजात शिकवायचे आणि पुढे प्राचार्य झाले, एवढं सांगितलं तरी त्या जागेचं वजन कळतं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ ला.

पण फक्त कॉलेज काढून खेडं सुधारत नाही, हे स्वामीजींना पक्कं माहीत होतं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या पोराने शेतीशास्त्र शिकून ते कुठे वापरायचं? १९४९ ला जहागिरी रद्द झाल्या, १९५० ला हैदराबादचा कूळ कायदा आला. काँग्रेसमध्ये यावरून उघड दोन गट होते, आणि स्वामीजींचा गट कुळांच्या बाजूने जास्त आग्रही होता. कायदा झाला तरी अंमल अर्धवट राहिला, हेही लपवायचं कारण नाही. १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीतून विनोबांचं भूदान सुरू झालं, त्या कामातही स्वामीजी उतरले. १९५२ ला ते गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादमधून खासदार झाले. मधल्या काळात भाषावार प्रांतरचनेसाठी, म्हणजे हैदराबाद राज्याची त्रिभागणी करून मराठवाडा मराठी मुलुखाशी जोडण्यासाठी ते आग्रहाने उभे राहिले. ज्या राज्यात ते सगळ्यात मोठे नेते होते ते राज्यच मोडा म्हणणं, हे सत्ता सांभाळणाऱ्याला जमलं नसतं. १९६० च्या दशकात ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले.

उरलेल्या वेळात ते जिथे रमले ती गोष्ट आज अनेकांना जुनाट वाटेल. खादी. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही त्यांच्याच प्रेरणेने उभी राहिलेली संस्था. खादीचं अर्थशास्त्र साधं आहे. पाऊस गेला की कोरडवाहू गावात हाताला काम उरत नाही. तेव्हा माणूस गाव सोडतो, ऊसतोडीला जातो, शहरात मजुरीला जातो. घरबसल्या, वीज न लागता, भागातल्याच कापसावर चालणारं काम असेल तर निदान काही घरं गावात टिकतात. आणि यात वयाची अट नाही. शाळेत न गेलेली पन्नाशीची बाई सूतकताई शिकू शकते, पोरगा माग शिकू शकतो. आज याला कौशल्य विकास, शाश्वत रोजगार अशी नावं आहेत. मजुरी कमी, बाजार अवघड, गिरणीच्या कापडाशी स्पर्धा, या अडचणी तेव्हाही होत्या आणि खादीने त्या कधीच पूर्ण सोडवल्या नाहीत.

पण या समितीने एक गोष्ट केली जी देशात फार थोड्या ठिकाणी होते. राष्ट्रध्वज. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात ध्वजासाठीचं खादी कापड विणलं जातं आणि नांदेडला त्याचे तिरंगे तयार होतात. हे काम वाटतं तसं सोपं नाही. ध्वजाचे आकार ठरलेले, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा. सुताचे धागे, रंगाच्या छटा, अशोकचक्राच्या २४ आऱ्या, शिलाई, सगळं प्रमाणित. यात चूक चालत नाही. हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून ज्याला अटक झाली, त्याच्या मुलुखातली माणसं तोच तिरंगा विणून आणि शिवून पोट भरतात.

२२ जानेवारी १९७२ ला स्वामीजी हैदराबादला गेले. त्यांची समाधी तिथेच, बेगमपेठेत आहे. त्याच वर्षी पाऊस पडला नाही आणि मराठवाड्याने त्या पिढीतला सगळ्यात मोठा दुष्काळ पाहिला. खडी फोडायला आलेल्या गर्दीत शिकलेली पोरंही होती.

नंतर त्यांची नावं लागत गेली. अंबाजोगाईला, त्यांच्या जुन्या शाळेच्याच गावी, ग्रामीण भागासाठीचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनाचाच मुहूर्त धरून, नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आलं. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे आणि किनवटसारख्या आदिवासी तालुक्यात संशोधन केंद्र. भूशास्त्र आणि पर्यावरणाचं शिक्षण तिथे मिळतं, आणि जिथे २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात ते हौसेचं शिक्षण नक्कीच नाही. नरसिंह रावांच्या पुढाकाराने पोचमपल्लीजवळ स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण संस्था उभी राहिली. तिथे खेड्यातल्या तरुण-तरुणींना शिवणकाम, वायरिंग, दुचाकी दुरुस्ती, सोलर बसवणं असे हाताचे धंदे शिकवतात. हिप्परग्याच्या शाळेला शोभेल असं काम आहे ते, फक्त टकळीच्या जागी पाना आलाय.

लातूरने मधल्या काळात वेगळी वाट धरली. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यातल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, आणि ज्या बापाला हिप्परग्यात कागदाची किंमत मिळत नव्हती त्याच्या नातवाला ती मिळाली. यात कमीपणा मानायचं काहीच नाही. फक्त त्या कागदावरचा पत्ता बहुतेक वेळा पुण्याचा, मुंबईचा किंवा बंगळुरूचा असतो. जी पोरं त्या परीक्षेत मागे पडतात आणि गावातच राहतात, त्यांच्यासाठीचा पॅटर्न अजून कुणी काढलेला नाही.

उदगीरच्या मागांपुढेही नवा प्रश्न आलाय. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि हातमागाच्या खादीसोबत यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या तिरंग्यालाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’मध्ये स्वस्त पॉलिस्टरचे झेंडे घरोघरी गेले. खादी संस्थांनी नाराजी कळवली. बदल मात्र कायम आहे. एक मशीन दिवसात जितकं कापड काढतं तितकं हातमागावर विणायला किती दिवस लागतात, हे तिथल्या विणकरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.